सुटे डॉलर जवळ ठेवा: अमेरिकेत मुलांकडे निघालेल्या आईबाबांसाठी टिपचा हिशोब

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. सुट्ट्या पैशांवरून माणसं किती हट्टाला पेटतात ते माझ्याइतकं जवळून फार कुणी पाहिलं नसेल. दोन रुपयांसाठी स्वारगेटपासून वाईपर्यंत तोंड सोडणारे पाहिले, आणि तिकिटामागे लिहून दिलेली बाकी न घेताच उतरून जाणारेही पाहिले. असं असून २०१७ साली पहिल्यांदा लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा विमानातून उतरल्यावर तासाभरातच सुट्ट्यांपायी माझीच पंचाईत झाली.

सौ.चे गुडघे दुखतात म्हणून नेवार्क विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. खुर्ची ढकलणाऱ्या बाईंनी विमानाच्या दारापासून इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, दोन्ही बॅगा उतरवून घेणं, कस्टम, सगळं करून जावई उभे होते तिथपर्यंत आणून सोडलं. मग त्या जरा थांबल्या. मी ‘थँक यू’ म्हटलं. त्या अजून थांबल्या. माझ्या पाकिटात एकजात शंभराच्या नोटा. शेवटी सौ.ने पर्समधून लोणावळा चिक्कीचं पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते हसून घेतलं, तेवढ्यात जावयांनी पुढे होऊन दहाची नोट दिली आणि मला गाडीत बसवल्यावर पहिला धडा दिला.

त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आलो. आता ओळखीतलं कुणी मुलाकडे निघालं की व्हिसाचं सोडून टिपचंच विचारायला मला फोन येतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी राहिलो ते न्यू जर्सीत, फिरलो न्यूयॉर्क आणि आसपास, तेव्हा आकडे तिकडचे आहेत.

निघण्यापूर्वी

परकीय चलन देणाऱ्याकडून डॉलर घेताना तो शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा पुढे करतो. त्याच्याकडे एकाच्या आणि पाचाच्या नोटा मागा. एकाच्या ३०-४० आणि पाचाच्या सहा-आठ असल्या तर महिनाभर चिंता नाही. नसतील त्याच्याकडे तर किमान दोन-तीन दहाच्या तरी घ्या, म्हणजे विमानतळावर माझ्यासारखं चिक्कीवर निभावून न्यावं लागणार नाही. बाकीचं काम पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मुलांबरोबर बँकेत जाऊन करायचं. एकाच्या नोटेला तिकडे ‘सिंगल’ म्हणतात. खिडकीवर शंभराची नोट देऊन ‘सिंगल्स’ म्हटलं की कोरी गड्डी मिळते.

आता एक धोका. अमेरिकेत एकाची नोट आणि शंभराची नोट एकाच मापाची असते. रंगातही, विशेषतः संध्याकाळच्या मंद उजेडात, आपल्या डोळ्यांना फार फरक कळत नाही. आपल्याकडे आंधळा माणूसही बोटाने नोटेची लांबी चाचपून सांगतो, तिथे ती सोय नाही. म्हणून मी एक आणि पाच डाव्या खिशात, मोठ्या नोटा पाकिटात आत, असा नियम केला. कंडक्टरकीत नोटा उभ्या घडी करून बोटांत धरायची सवय होती, ती इथे कामाला आली. भर लोकांत पाकीट उघडून बसावं लागत नाही.

टिपला बक्षीस समजू नका

आपली खरी चूक इथे होते. आपण टिप म्हणजे खुशीने ठेवलेले चार पैसे समजतो. वेटर चांगला बोलला, दहा ठेवले. नाही बोलला, बडीशेप उचलली आणि निघालो. अमेरिकेत वेटरचा पगारच मुळी टिप धरून बांधलेला असतो. तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्यात कामगाराचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतात. वरची भर टिपमधून पडते असं धरलंय, आणि नाहीच पडली तर मालकाने भरून द्यायची. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून तसाच आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी आपापले दर याहून वर नेलेत आणि कॅलिफोर्नियात असा वेगळा कमी दर नाहीच. पण गिऱ्हाइकाने द्यायची रीत सगळीकडे सारखीच.

मी स्वतःला ते असं समजावलं: मेन्यूत छापलेला दर म्हणजे शिरवळपर्यंतचं तिकीट. वाईला उतरायचं असेल तर पुढच्या टप्प्याचे पैसेही द्यावे लागतात, आणि तिथे ते थेट वेटरच्या हातात द्यायचे असतात. टिप न देता उठणं म्हणजे सरळ विनातिकीट.

जावयांनी या रीतीचं मूळही सांगितलं. तिकडच्या यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर, पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या लोकांना पोर्टर म्हणून घेतलं. पगार अगदी तुटपुंजा, पोट प्रवाशांच्या टिपवर. याच पोर्टरांनी १९२५ साली युनियन काढली आणि १९३७ साली कंपनीला करारावर सही करायला लावली. मी युनियनवाला माणूस. हे ऐकल्यापासून टिप देताना माझा हात कमी अडखळतो.

आणि कृपा करून डॉलरचे रुपये करू नका. एका जेवणाची टिप हजार रुपये झाली हे मनात आलं की घास उतरत नाही. मुलांचा पगार डॉलरात आहे आणि वेटरचं घरभाडंही डॉलरात आहे.

जेवायच्या हॉटेलात

जिथे बसून जेवतो, कुणी येऊन ऑर्डर घेतं आणि ताट आणून देतं, तिथे १५ ते २० टक्के. आजकाल १८ ते २० हाच चालू भाव समजा. १५ दिले तर गुन्हा नाही. न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांच्या हॉटेलात इडली-डोसा किंवा थाळी खाल्ली तरी हाच हिशोब. ‘आपलाच माणूस आहे, त्याला काय टिप’ असं म्हणू नका, त्याचाही पगार तसाच बांधलेला आहे.

हिशोब तोंडी करायचा. ६४ डॉलरचं जेवण झालं. एक दशांश म्हणजे ६.४०. दुप्पट केली की १२.८०, हे २० टक्के. एक दशांशात त्याचं निम्मं मिळवलं की ९.६०, हे १५ टक्के. याहून सोपी युक्ती बिलातच असते. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, तेव्हा बिलावरचा ‘टॅक्स’ तिप्पट केला की जवळजवळ २० टक्के. न्यूयॉर्क शहरात कर ८.८७५ टक्के, तिथे दुप्पट केला की पावणेअठरा. टप्प्यावर भाडं मोजलेल्या माणसाला हे खेळासारखं आहे, पण लेक मोबाइलवर करते आणि माझं उत्तर आधी येतं तेव्हा बरं वाटतं.

टिप करापूर्वीच्या रकमेवर मोजली तरी चालते. बिलाच्या तळाशी १८, २० आणि २२ टक्क्यांचे तयार आकडे छापलेले असतात, ते पुष्कळदा करासकट रकमेवर काढलेले असतात. एकदा पडताळून पाहा. फरक थोडासा असतो, पण पाहायला काय जातं.

बिलाला तिकडे ‘चेक’ म्हणतात. कार्डाने पैसे देताना आपली माणसं गोंधळतात, म्हणून क्रम सांगतो. वेटर पुठ्ठ्याच्या पाकिटात बिल आणतो. तुम्ही त्यात कार्ड ठेवता, तो ते घेऊन आत जातो. कार्ड नजरेआड गेलं म्हणून मागे धावू नका, तिथे तशीच पद्धत आहे (मी पहिल्या वेळी उठून उभा राहिलो होतो). आपल्या बँकेचं कार्ड असलं तरी ओटीपी येत नाही, पैसे तसेच जातात. तो दोन पावत्या परत आणतो. त्यात ‘टिप’ पुढे आकडा लिहायचा, ‘टोटल’ पुढे बेरीज लिहायची आणि सही करायची. ‘मर्चंट कॉपी’ लिहिलेली टेबलावर सोडायची, ‘कस्टमर कॉपी’ आपण न्यायची. उलटं करून सही केलेली पावती खिशात घातलीत तर बिचाऱ्याची टिप तुमच्याबरोबर घरी येते. मोबाइलवर आधी टिपशिवायची रक्कम दिसते आणि दोन-तीन दिवसांनी टिपसकट पक्की होते, तेव्हा फसवणूक झाली म्हणून बँकेला फोन लावू नका. काही ठिकाणी आता टेबलावरच यंत्र आणतात, मग काम सोपं.

रोख टिप ठेवायची तर नोटा ठेवा. मी एकदा चांगल्या भावनेने खिशातली सगळी नाणी टेबलावर ओतली होती. दोन डॉलर आणि वर चिल्लर. बिल चाळीसच्या घरातलं. आम्ही दारापर्यंत पोचतो तोच वेटर मुलगी मागून आली आणि अगदी नम्रपणे विचारलं, काही चुकलं का माझं? लेकीचा चेहरा पडला. तिने सात डॉलर तिच्या हातात दिले आणि गाडीत माझ्याशी अर्धा तास बोलली नाही. सेंटची चिल्लर ठेवणं म्हणजे काहीच न ठेवण्यापेक्षा वाईट, ते मुद्दाम अपमान केल्यासारखं दिसतं.

जास्त माणसं असली की बिल नीट वाचायचं. सहा-आठ जणांच्या वर मंडळी असली की पुष्कळ हॉटेलं १८ किंवा २० टक्के आधीच लावून देतात. ‘ग्रॅच्युइटी’ असा शब्द दिसला तर ती टिपच, वर पुन्हा द्यायची नाही. व्याही-विहीणबाई आले होते तेव्हा आम्ही नऊ जण जेवलो. बिलात १८ टक्के लागलेले, आणि जावयांनी बोलता बोलता वर आणखी २० लिहिले. मी घरी पोचल्यावर चष्मा लावून पावती वाचली तेव्हा ध्यानात आलं. आता कुठलंही बिल आधी माझ्याकडून जातं. ‘सर्व्हिस चार्ज’ असा शब्द असेल तर मात्र तो वेटरला मिळतो की मालकाला, हे त्यालाच विचारायचं. तिथला केंद्राचा कायदा ते पैसे मालकाचे धरतो, तो वाटेल तर वाटेल. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी सूचनांप्रमाणे हॉटेलला असा चार्ज परस्पर लावता येत नाही. पण तिथे मेन्यूत छापलेला असला तर तो देऊन मोकळं व्हायचं, तिथे भारतातला कायदा सांगत बसू नये.

सेवा वाईट मिळाली तर? भाजी खारट झाली तर त्यात वेटरचा दोष नाही. तो स्वतःच उर्मट वागला तर दहा टक्के ठेवा आणि मॅनेजरला सांगा. शून्य ठेवू नका. त्या टिपमधला वाटा टेबल पुसणाऱ्या मुलापर्यंत जात असतो.

बुफे असेल, आपणच ताट वाढून घेतलं आणि त्यांनी फक्त पाणी दिलं, खरकटं उचललं, तर दहा टक्के पुरे. पार्सल नेलं तर द्यायलाच हवी असं नाही.

अजून एक. टिप किती ठेवायची यावर टेबलाशी मोठ्याने चर्चा नको, मराठीत तर नकोच. ओक ट्री रोडवर एकदा मी जावयांना म्हटलं, ‘एवढे कशाला द्यायचे ह्याला?’ वेटर पाण्याचा जग घेऊन मागेच उभा होता. म्हणाला, ‘काका, पाणी देऊ का अजून?’ कोल्हापूरचा निघाला. त्या दिवशी मी स्वतःच्या खिशातून २५ टक्के ठेवले.

तो फिरता पडदा

कॉफीच्या दुकानात, बेकरीत, आइसक्रीमच्या टपरीवर उभ्या उभ्या पैसे देताना काउंटरवरचा पडदा आपल्याकडे फिरवतात. त्यावर १८, २०, २५ असे मोठे चौकोन, आणि मागे रांग. इथे माणूस दडपतो. मी सांगतो, दडपू नका. उभ्याने घेतलेल्या कॉफीला टिप देणं ऐच्छिक आहे. चौकोनांच्या खाली बारीक अक्षरांत ‘नो टिप’ किंवा ‘कस्टम’ (म्हणजे आपल्या मनाचा आकडा) असतं, ते शोधा. मला वाटलं तर काउंटरवरच्या बरणीत एक डॉलर टाकतो, नाही वाटलं तर नाही. लेक म्हणते, बाबा, लोक बघतात. बघू देत. फास्ट फूडच्या काउंटरवर आणि किराण्याच्या दुकानात तर प्रश्नच नाही.

घरी जेवण मागवलं की ॲप आधीच टिप विचारतं. ‘डिलिव्हरी फी’ आणणाऱ्याला मिळते असं समजू नका, ती कंपनीची. पंधरा-वीस टक्के, किंवा लहान ऑर्डर असेल तर चार-पाच डॉलर. बर्फ पडत असेल तर वर थोडे, कारण अशा दिवशी आपण स्वतः दाराबाहेर पाऊल टाकत नाही.

प्रवासात

विमानतळावरची व्हीलचेअर ही आपल्या वयाच्या लोकांची पहिली आणि शेवटची टिप, म्हणून स्पष्ट सांगतो. या सेवेचे पैसे विमान कंपनीला घेता येत नाहीत, तिथला कायदाच तसा आहे. टिपही सक्तीची नाही. तरी देतात. एका खुर्चीला पाच डॉलर, सामान उचललं आणि फार लांब नेलं तर दहा. दोघांना दोन खुर्च्या, दोन माणसं असतील तर दोघांना वेगवेगळे. नोट आधीच घडी करून मुठीत ठेवा आणि निरोप घेताना हातात द्या. अर्ध्या वाटेत देऊ नका, पुष्कळदा मध्येच माणूस बदलतो.

टॅक्सीला १५ ते २० टक्के. मोबाइलवरून बोलावलेल्या गाडीला ॲपमध्ये नंतर देता येते. बॅगा डिकीत घालून दिल्या तर मी देतोच. राहायच्या हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रात्रीला दोन ते पाच डॉलर, आणि रोजच्या रोज. शेवटच्या दिवशी एकदम ठेवले तर आधीचे दिवस राबलेली वेगळी आणि पैसे घेणारी वेगळी असं होतं. नुसती नोट टेबलावर टाकली तर पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून त्या हात लावत नाहीत, म्हणून कागदावर ‘थँक यू’ लिहून त्याखाली ठेवायची. बॅगा वर आणणाऱ्याला बॅगेमागे दोन डॉलर.

नायगाराला बसने गेलो तेव्हा गाइड आणि ड्रायव्हर दोघांची टिप माणशी रोज अमुक डॉलर अशी कंपनीनेच ठरवून दिली होती. बुकिंग करतानाच विचारायचं: टिप यात धरलीय का, नसली तर किती? भारतातून निघणाऱ्या सहलींतही हा प्रश्न आधी विचारा, म्हणजे शेवटच्या दिवशी बसमध्ये पाकीट फिरायला लागल्यावर चेहरे बदलत नाहीत. मी ड्रायव्हरला ठरलेल्याहून पाच डॉलर वेगळे दिले. आठ तास गाडी चालवून उतरल्यावर बॅगाही त्यानेच काढल्या. आमच्या वेळी टपावर हमाल चढायचा.

केस कापायला गेलो तर २० डॉलरवर चार. तेवढ्यात गावाकडे वर्षभराचे केस कापून होतात, पण वर म्हटलं ते विसरायचं नाही, गुणाकार करायचा नाही.

कुणाला द्यायची नाही

पोलीस, विमानतळावरचे तपासणी अधिकारी, इमिग्रेशन, कस्टम, राष्ट्रीय उद्यानातले रेंजर, कुठलाही सरकारी नोकर: यांच्यापुढे नोट धरायची नाही. पोलिसाने गाडी थांबवली तर पाकिटाकडे हातसुद्धा नेऊ नका, तो म्हणेल तेव्हाच न्या. तिथे ती टिप होत नाही, लाच होते, आणि मुलांच्या नोकरी-व्हिसापर्यंत प्रकरण जातं. पोस्टमनला रोख काही घेता येत नाही. नाताळात भेटवस्तू दिली तर एका वेळी २० डॉलरच्या आतली. डॉक्टर, नर्स, शिक्षक, विमानातल्या हवाई सुंदरी यांनाही नाही.

पेट्रोल पंपाची गंमत न्यू जर्सीतच. तिथे गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून बंदी आहे, आपल्यासारखाच माणूस येऊन भरतो. त्याला टिप द्यायची रीत नाही. कडाक्याच्या थंडीत मी एक-दोनदा काचेतून डॉलर दिला, ते माझं वैयक्तिक.

मंदिरात सत्यनारायण घातला तर गुरुजींची दक्षिणा टक्क्यांत काढू नका. मंडळाच्या कार्यक्रमात जेवण वाढणारी मुलं स्वयंसेवक असतात, त्यांच्या हातात नोट ठेवलीत तर ती लाजतात. त्यांना आणखी एक पोळी वाढ म्हणा.

उरलेल्या नोटा

परतताना माझ्याकडे एकाच्या २३ नोटा राहिल्या. इकडे आणून त्या कुणी धड भावाने बदलून देत नाही. दहा नेवार्कच्या खुर्चीसाठी बाजूला बांधून ठेवल्या. लेकीच्या बिल्डिंगमध्ये त्याच आठवड्यात नाशिकचं एक जोडपं मुलाकडे आलं होतं, पाकिटात सगळ्या विसाच्या आणि शंभराच्या नोटा. उरलेल्या तेरा नोटा त्यांना दिल्या. काकांनी विसाची नोट पुढे केली. खुर्चीच्या दहाला मी हात लावणार नव्हतो आणि दुसरे सुटे जवळ नव्हते, म्हणून किराण्याच्या पावतीमागे ‘बाकी ७’ लिहून, सही करून त्यांच्या हातात दिली. दोन दिवसांनी त्यांनी ती दाखवून लेकीकडून पैसे नेले.